ईईजी नॉर्मल आला, आता गोळी थांबवू का?

पत्राचा गोषवारा : पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावाहून एका आईने लिहिले आहे. त्यांची सतरा वर्षांची मुलगी बारावीला, विज्ञान शाखेत आहे. मे महिन्यात मावसबहिणीच्या हळदीच्या रात्री डीजेच्या लुकलुकत्या दिव्यांपुढे नाचताना ती एकाएकी ताठ होऊन कोसळली, हातपाय झाडू लागली, जीभ चावली गेली. दीड-दोन मिनिटांत आकडी थांबली, पण पुढे अर्धा तास ती कुणाला ओळखत नव्हती. जिल्ह्याच्या गावातील न्यूरोलॉजिस्टनी ईईजी, म्हणजे मेंदूतील विजेच्या लहरींचा आलेख काढला, तेव्हा डोळ्यांपुढे दिव्याची उघडझाप सुरू होताच आलेख बिघडला. एमआरआय निर्दोष होता. व्हॅल्प्रोएटची गोळी दोन वेळा सुरू झाली आणि त्यानंतरच्या पाच महिन्यांत आकडी आलेली नाही. नुकताच काढलेला ईईजी ‘नॉर्मल’ आहे. मात्र मुलीचे वजन चार किलो वाढले आहे आणि केस गळतात. पुण्यातील दुसऱ्या डॉक्टरांनी ही गोळी हळूहळू बदलून लेव्हेटिरासेटम घ्यावी असे सुचवले; जाऊबाईंच्या मते फिटची कोणतीच गोळी बाईच्या जातीला चांगली नाही. या ताईंनी मुलीचा मोबाइल काढून घेतला आहे, घरातला टीव्ही बंद केला आहे आणि काळा गॉगल आणला आहे. त्या विचारतात : कारण उजेडच असेल तर उजेड टाळून गोळी थांबवता येणार नाही का? दोघांपैकी कोणत्या डॉक्टरांचे ऐकावे? आणि दोन-तीन वर्षांत स्थळे पाहायची झाली तर हे सांगावे की झाकावे? पत्रात एके ठिकाणी ओघात आले आहे की मुलगी ‘पहिल्यापासून धांदरट’ आहे; सकाळी हातातून चहाचा कप सुटतो, कंगवा उडतो आणि त्यापायी ती बोलणीही खाते.

ताई, नमस्कार.

आधी चहाच्या कपाबद्दल. मुलीचा स्वभाव सांगताना तुम्ही ते वाक्य लिहिले आहे, पण मला तो स्वभाव वाटत नाही. झोपेतून उठल्यावर पहिल्या तासाभरात खांदे किंवा हात क्षणभर झटकले जाणे, हातातली वस्तू दूर उडणे आणि त्या वेळी शुद्ध मात्र पूर्ण असणे, हे अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या आजाराच्या, एका ठरावीक प्रकाराचे लक्षण असू शकते. त्या प्रकाराला जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. तो बहुधा बारा ते अठरा या वयात सुरू होतो, जागरणाने चेततो, आणि तो असलेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांश जणांचा मेंदू उघडझाप करणाऱ्या प्रकाशालाही संवेदनशील असतो. पत्रावरून निदान करण्याचा अधिकार मला नाही आणि तसा आगाऊपणा मी करणारही नाही. पण कप सुटण्याची गोष्ट दोघांपैकी एकाही डॉक्टरांना सांगितल्याचे तुमच्या पत्रात नाही, म्हणून ती पहिल्यांदा सांगा. ईईजी कक्षात घालवलेल्या माझ्या तीसेक वर्षांत मी हे पुन्हापुन्हा पाहिले आहे की मोठी आकडी सगळ्यांच्या लक्षात राहते आणि तिच्या आधी वर्षभर सकाळी फुटत आलेल्या कपबशा कुणाच्याच हिशेबात नसतात. घरचे त्याला वेंधळेपणा म्हणतात, मुलगी स्वतःही तेच मानू लागते, आणि डॉक्टरांनी मुद्दाम विचारले नाही तर ती माहिती कागदावर येतच नाही.

आता त्या कपाचा तुमच्या प्रश्नाशी असलेला संबंध पाहू. तुमचा सगळा विचार ‘कारण उजेडच असेल तर’ या शब्दांवर उभा आहे. पण सकाळी स्वयंपाकघरात कप सुटतो तेव्हा तिच्यासमोर डीजे नसतो. हे झटके अपस्माराचेच असतील, तर उजेड ही तिच्या मेंदूला चेतवणारी अनेक निमित्तांपैकी एक गोष्ट ठरते. झोप अपुरी होणे हे दुसरे आणि बहुतेक अधिक मोठे निमित्त आहे. हळदीच्या आदल्या रात्री ती किती झोपली होती, हे तुम्ही लिहिलेले नाही. लग्नघरातली रात्र कशी जाते हे मी जाणतो, म्हणून विचारतो. त्याच दिव्यांखाली दोनशे माणसे नाचत होती आणि पडली ती एकटी. दोनशे जणांच्या डोळ्यांत शिरलेला उजेड एकच होता. वेगळी होती ती त्या उजेडाला तिच्या मेंदूने दिलेली दाद.

ही दाद कशी असते हे जरा सविस्तर सांगतो, कारण ते समजले की गोळीचे काम आणि ‘नॉर्मल’ अहवालाचा अर्थ दोन्ही आपोआप उलगडतात. माणसाच्या मेंदूतील विजेच्या लहरी टिपल्याचे जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागातून सेकंदाला आठ ते तेरा लाटांची एक संथ लय उमटते आणि डोळे उघडताच ती विरते, हेही त्यांनीच दाखवले. मागचा भाग अशासाठी की पाहण्याचे काम करणारा मेंदूचा पट्टा डोळ्यांमागे नसून पार डोक्याच्या पाठीमागे असतो. पुढे १९४६ मध्ये ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्यांपुढे दिवा चमकवत आलेख काढण्याची पद्धत आणली. तुमच्या मुलीची जी तपासणी झाली, तिची ही आजी म्हणा.

त्या तपासणीत काय घडते हे तुम्ही दाराबाहेरून पाहिले असेल. डोक्यावर पेस्ट लावून तारा चिकटवतात, खोलीतला उजेड मंद करतात आणि चेहऱ्यापासून हातभर अंतरावर दिवा ठेवून तो निरनिराळ्या गतीने चमकवतात : सेकंदाला दोनदा, सहादा, दहादा, पंधरादा, वीसदा आणि त्याहूनही जलद. कधी डोळे उघडे ठेवायला सांगतात, कधी मिटलेले, आणि कधी दिवा चालू असतानाच मिटायला सांगतात, कारण डोळे मिटतानाचा तो क्षण सर्वांत नाजूक असतो. दहाच्या गतीने दिवा चमकला तर निरोगी माणसाच्या मेंदूतही मागच्या भागातल्या लाटा दहाचा ठेका धरतात, त्यात वावगे काही नाही. संवेदनशील मेंदूत मात्र तो ठेका मागच्या भागात थांबत नाही. दोन-तीन सेकंदांत तो पुढपर्यंत पसरतो आणि संथ रेषांच्या जागी सगळीकडून एकदम टोकदार सुळके व त्यामागून रुंद लाटा उमटू लागतात. एरवी मेंदूतल्या पेशींचे काम आठवडी बाजारातल्या गलबल्यासारखे चालते. प्रत्येक जण आपापले बोलत असतो आणि म्हणूनच व्यवहार होतात. सुळके उमटतात तेव्हा तोच बाजार अचानक ढोलपथक होतो. तंत्रज्ञाचे बोट बटणावर असते. आलेख बिघडताच तो दिवा बंद करतो आणि बहुतेक वेळा गोष्ट तेवढ्यावरच मिटते. मांडवात असे बटण कुणाच्याच हाती नव्हते.

पेशींनी असे एकसुरी का व्हावे, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही, पण काही धागे हाती आहेत. पाहणाऱ्या पट्ट्यात एक लगाम असतो. समोरच्या चित्रातील काळ्या-पांढऱ्याचा फरक कितीही वाढला तरी एका मर्यादेपुढे मेंदूचा प्रतिसाद वाढू नये, अशी ती व्यवस्था आहे. प्रकाशसंवेदनशील रुग्णांत हा लगाम सैल असतो, हे इटलीतील संशोधकांनी २००० मध्ये दाखवले. काही घराण्यांत ही प्रवृत्ती पिढ्यांतून येते. ती मुलांपेक्षा मुलींत थोडी अधिक आढळते आणि वयात येताना शिगेला पोहोचते. सेकंदाला साधारण तीन ते तीस वेळा होणारी उघडझाप धोक्याची आणि त्यातही पंधरा ते पंचवीस सर्वांत धोक्याची मानली जाते. लाल रंग, दृष्टीचा बराचसा भाग व्यापणारा झोत आणि भोवतालचा अंधार यांनी धोका वाढतो. अपस्मार असलेल्या शंभर माणसांत असे रुग्ण सुमारे तीन असतात, म्हणजे मोबाइल काढून घेतलेल्या बाकीच्या सत्त्याण्णवांचा मोबाइल उगाचच गेलेला असतो.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर तोही संपवून टाकू. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये पोकेमॉन या कार्टून मालिकेचा एक भाग चालू असताना लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटूनपालटून पडदाभर चमकला आणि त्या रात्री जवळपास ६८५ जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील अनेकांना त्याआधी कधीही आकडी आलेली नव्हती. या प्रकारानंतर जपानने प्रक्षेपणाचे नियम कडक केले. ब्रिटनमध्ये तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा जोरदार चमक दाखवू नये असा दंडक आहे. मात्र त्या मुलांपुढे काचेच्या नळीचे मोठे टीव्ही होते आणि कित्येक जण अगदी जवळ बसले होते. त्या जुन्या टीव्हीचा पडदा स्वतःच सतत लुकलुकत असे. आजचे सपाट पडदे तसे लुकलुकत नाहीत, आणि हातातल्या मोबाइलचा पडदा नजरेचा फार लहान भाग व्यापतो. त्यामुळे बारावीच्या मुलीचा मोबाइल आणि घराचा टीव्ही बंद करून तुम्ही धोक्याचा लहानसा तुकडा काढला आहे आणि तिच्या मैत्रिणी, तिच्या नोट्स, तिचे उरलेसुरले मन रमवणे मात्र पुरतेच काढून घेतले आहे. मोबाइलचा खरा उपद्रव रात्री एकनंतर सुरू होतो, कारण तेव्हा तो झोप खातो. फोन परत द्या आणि रात्री साडेदहाला तो तुमच्या उशाशी येईल एवढीच अट घाला.

काळ्या गॉगलचेही तसेच आहे. उन्हात त्याने झोत मंदावतो, पण घरात-वर्गात दिवसभर गॉगल लावून बसणारी मुलगी पंधरा दिवसांत तो ठेवून देते. या आजारासाठी खास निळ्या रंगाची भिंगे निघाली आहेत. इटलीत ६१० रुग्णांवर ती वापरून पाहिली, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांच्या आलेखातील दोष दिव्यासमोरही दिसेनासा झाला, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आकडा घसघशीत आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि तपासणी कक्षात प्रत्यक्ष लावून पाहून असे भिंग घेता येते. प्रवासाला, समारंभाला ते उपयोगी पडेल. पण भिंग डोळ्यांवर असेल तेव्हाच काम करते आणि सकाळच्या त्या कपाला ते अडवू शकत नाही.

आता ‘नॉर्मल’ अहवाल. तो आला याचा तुम्हाला झालेला आनंद रास्त आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे. नवे औषध अपस्मारावर चालेल की नाही हे अजमावण्यासाठी संशोधक ज्या पद्धती वापरतात, त्यांतील एक तुमच्या मुलीसारख्या रुग्णांवरच बेतलेली आहे. आपखुशीने तयार झालेल्या प्रकाशसंवेदनशील रुग्णाला एके दिवशी औषध नसलेली बनावट गोळी देतात, दुसऱ्या दिवशी खऱ्या औषधाची एकच मात्रा देतात, आणि दर काही तासांनी दिवा चमकवून कोणत्या गतीपासून कोणत्या गतीपर्यंत आलेख बिघडतो ते मोजतात. औषध लागू पडणारे असेल तर ती पट्टी तासातासाने अरुंद होत जाते, कधी पुरती मिटते, आणि औषधाचा अंमल ओसरला की पुन्हा रुंदावते. ब्रिव्हॅरासेटम या औषधाच्या अशा चाचणीत अठरापैकी चौदा रुग्णांत एका मात्रेनंतर दोष पूर्ण नाहीसा झाला होता. ते चौदा जण त्या दुपारी बरे झाले असे कुणी म्हणाले नाही. तुमच्या मुलीचा दुसरा ईईजी गोळी चालू असताना काढलेला आहे. त्याने सिद्ध होते ते एवढेच की गोळी पोटातून मेंदूपर्यंत पोहोचते आहे आणि तिथे काम करते आहे. छत्रीखाली कोरडे राहिलो म्हणून पाऊस थांबला असे आपण म्हणत नाही.

व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. काही रुग्णांत ते थांबवल्यावर प्रकाशसंवेदनशीलता लगेच परतत नाही, कित्येक आठवडे जातात. त्या आठवड्यांत घरच्यांना वाटते की आपला निर्णय बरोबर ठरला. शिवाय अपस्माराची कोणतीही गोळी एकदम बंद केली तर एकामागून एक आकड्या येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देतो : नाही, गोळी थांबवू नका, एक दिवसही नाही.

तरीही कोणती गोळी हा प्रश्न उरतो, आणि तिथे तुमची जाऊबाई अगदीच चुकीची नाही. तिने सगळ्या गोळ्यांना एकाच मापाने मोजले, एवढीच तिची चूक. प्रकाशसंवेदनशील अपस्मारात व्हॅल्प्रोएट हे फार गुणकारी औषध आहे. सत्तरच्या दशकापासूनचा अनुभव असा की ते घेणाऱ्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या आलेखातील दोष पूर्ण जातो, आणि सकाळचे झटके व मोठ्या आकड्या ही दोन्ही त्याने आवरतात. पहिल्या डॉक्टरांनी ते निवडले यात औषधाच्या गुणाची पारख होती. पण हेच औषध गरोदरपणी पोटात जात राहिले तर शंभरांतील सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळते, एरवी हे प्रमाण दोन-तीन असते. जन्मलेल्या मुलांपैकी शंभरांत तीस ते चाळीस जणांना पुढे बोलणे, शिकणे, वागणे यांत अडचणी येऊ शकतात. धोका मात्रेबरोबर वाढतो आणि तो गरोदरपणाच्या पहिल्या आठवड्यांत, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच, सुरू होतो. ब्रिटनमध्ये २०१८ पासून, गर्भधारणा टाळण्याची पक्की व्यवस्था केल्याखेरीज मूल होण्याच्या वयातील मुलींना हे औषध देऊ नये असा नियम आहे. वजन वाढणे, केस गळणे, पाळी अनियमित होणे हेही त्याचे परिचित दुष्परिणाम आहेत. मुलीला पाळीबद्दल विचारा. पत्रात तो उल्लेख नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी सुचवलेले लेव्हेटिरासेटम मेंदूतील पेशींच्या जोडावर, जिथे एक पेशी दुसरीला निरोप देते तिथे, वेगळ्या वाटेने काम करते. उघडझापीने आलेख बिघडण्याला तेही अटकाव करते, आणि आजवरच्या माहितीनुसार गर्भाला त्याचा धोका व्हॅल्प्रोएटपेक्षा पुष्कळच कमी आहे. त्याची खोड वेगळी आहे : काही मुलांमुलींत चिडचिड, रडवेपणा, क्वचित टोकाची उदासी येते. बारावीच्या वर्षात ती परीक्षेच्या ताणाखाली सहज झाकली जाते, तेव्हा पहिले दोन महिने तिच्या वागण्याकडे डोळसपणे पाहा आणि मन फार खचलेले दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. लॅमोट्रिजिन हा आणखी एक पर्याय असतो. त्याची मात्रा अंगावर पुरळ येऊ नये म्हणून फार सावकाश वाढवावी लागते आणि काही जणांत ते सकाळचे झटके वाढवते. उलट कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी औषधे या प्रकारच्या झटक्यांत त्रास वाढवू शकतात. गावातल्या दवाखान्यात कुणी ‘हीही फिटचीच गोळी आहे’ म्हणून बदलून दिली, तर घेऊ नका.

तेव्हा दोघांपैकी कोण बरोबर? माझ्या मते पहिल्या डॉक्टरांनी मे महिन्यात आकडी पाहिली आणि दुसऱ्यांनी पुढची दहा वर्षे पाहिली. सतरा वर्षांच्या मुलीसाठी मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूला झुकतो. मात्र काही मुलींना व्हॅल्प्रोएटखेरीज दुसरे काहीच लागू पडत नाही, आणि तेव्हा कमीत कमी मात्रेत, सगळे समजून-उमजून, ते चालू ठेवणे हाही शहाणपणाचाच निर्णय असतो. बदल करायचा तर नवी गोळी पूर्ण मात्रेला आल्यावर जुनी पायरीपायरीने उतरवतात आणि त्यात कित्येक आठवडे जातात. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत आहे, म्हणून एकतर या महिन्यातच सुरुवात करावी किंवा परीक्षा होईपर्यंत थांबावे. डिसेंबर-जानेवारीत हात घालू नये, असे मी सुचवेन. अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचा. गोळी किती वर्षे हा प्रश्नही त्यांनाच विचारा. प्रकाशसंवेदनशीलता सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत विशी उलटल्यावर ओसरते, पण सकाळच्या झटक्यांचा प्रकार निघाला तर औषध बहुधा दीर्घकाळ लागते.

रोजच्या जगण्यात काय करायचे, ते आता सांगतो. हे तिच्यासारख्या इतर मुलांच्या घरीही उपयोगी पडेल. अचानक लुकलुकता झोत समोर आला तर बहुतेक जण डोळे घट्ट मिटतात. ते पुरेसे नाही, कारण पापण्यांतून लाल प्रकाश आत जातच राहतो आणि मिटण्याचा क्षण नाजूक असतो हे वर आलेच आहे. त्याऐवजी एका डोळ्यावर तळहात पूर्ण झाकून धरायचा आणि तोंड फिरवून तिथून बाजूला व्हायचे. दोन डोळ्यांऐवजी एकातूनच उजेड गेला की मेंदूच्या पाठीमागच्या पट्ट्याचा तुलनेने थोडा भाग चेततो. हे तिच्याकडून घरी चार-पाच वेळा करून घ्या, म्हणजे गरजेच्या वेळी हात आपसूक वर जाईल. टीव्ही उजेड असलेल्या खोलीत, आठ-दहा फुटांवरून पाहावा. गणपतीच्या मिरवणुकीत शार्पी आणि लेझरचे झोत असतील तिथे ती पुढच्या रांगेत नसावी. ढोल दुरून ऐकता येतो.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात येत नाही, ती तुमच्या घरात आज संध्याकाळीच पाहा. छताच्या पंख्याला तीन पाती असतात. तो मिनिटाला तीनशे फेरे घेत असेल तर सेकंदाला पाच फेरे आणि पंधरा पाती डोक्यावरून जातात. दिवा पंख्याच्या वर बसवलेला असेल, तर तिच्या अभ्यासाच्या वहीवर सेकंदाला पंधरा वेळा सावली पडते, म्हणजे नेमकी त्या धोक्याच्या पट्टीत. हे डीजेइतके तीव्र नाही, पण अपुऱ्या झोपेच्या दिवशी तेवढ्याची भर नको. टेबल खिडकीपाशी सरकवा किंवा पंख्याखालून येणारा वेगळा दिवा लावा. फडफडणारी ट्यूब आणि तिचे पट्टीचे चोक आजच बदला. एसटीच्या खिडकीत झाडांच्या रांगेतून येणारे ऊन तोंडावर पडत असेल, तर तिने सावलीच्या बाजूची जागा घ्यावी.

पहाटे चारला उठवून अभ्यासाला बसवण्याची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती सोडा. रात्री साडेदहा ते सकाळी सहा ही झोप तिच्या औषधाचाच भाग आहे. उठल्यावर अर्धा तास तिच्या हाती गरम चहा, उकळते भांडे, सुरी देऊ नका, आणि कप सांडला तर रागावू नका. पोहणे आणि विहिरीवर एकटीने जाणे तूर्त नको. अठरा पूर्ण झाल्यावर ती गाडीच्या परवान्यासाठी अर्ज करील, तेव्हा नमुना एकमध्ये अपस्माराबद्दल सरळ प्रश्न असतो. तिथे खोटे लिहू नका आणि तोवर स्कूटीची किल्ली तिच्या हाती देऊ नका.

पुन्हा आकडी आलीच तर तिला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल, लोखंडी किल्ल्या यांनी आकडी थांबत नाही. ती आपल्या वेळेने थांबते आणि श्रेय किल्लीला मिळते. पाच मिनिटांच्या पुढे गेली किंवा शुद्ध न येताच दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. आकडी थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडॅझोलॅम या औषधाचा फवारा घरी ठेवावा का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

स्थळांचे म्हणाल, तर मुलगी बारावीला आहे आणि मला हा प्रश्न फार लवकर आलेला वाटतो. तरी विचारलेच आहे म्हणून सांगतो. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये अपस्माराच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांचा उल्लेख होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला आहे. अपस्मार हा आता लग्नाला कायद्याने अडसर नाही. झाकून केलेल्या लग्नात काय होते, ते मात्र मी पाहिले आहे. नवी सून गोळ्यांची पाकिटे तांदळाच्या डब्यात लपवते, चारचौघांत घेता येत नाही म्हणून एक वेळ चुकते, मग दोन, सणासुदीच्या जागरणांची त्यात भर पडते आणि महिनाभरात सासरच्या अंगणात आकडी येते. त्यानंतर जे बोलले जाते ते आजारापेक्षा लपवल्याबद्दल अधिक असते, आणि प्रकरण कोर्टापर्यंतही जाते. बोलणी पुढे सरकू लागली की दोन कुटुंबांनी मिळून एकदा डॉक्टरांना भेटावे. आणि लग्न ठरण्याच्या बऱ्याच आधी गोळीची निवड, मात्रा आणि फॉलिक ॲसिड यांबद्दल तिने स्वतः डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

‘तिने स्वतः’ असे मुद्दाम लिहितो. तुमच्या चार पानी पत्रात जाऊबाईंचे मत आहे, मुलीच्या वडिलांचे आहे, लग्नघरातल्या मामांचेही आहे. मुलगी काय म्हणते ते कुठेच नाही. उजेड कसा दिसला, पडण्याआधी पापण्या फडफडल्या का, हात कितीदा झटकतात, गोळी खरोखर किती वेळा चुकली, हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. काही मुलांना तर त्या लुकलुकत्या उजेडाची ओढ वाटते आणि ती आपणहून त्याच्याकडे पाहतात. असे असेल तर ते सांगायला लाज वाटू नये इतका मोकळेपणा तिला हवा. पुढच्या भेटीला दोन्ही ईईजींचे मूळ अहवाल आणि गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. तिला एक लहान वही द्या. तीत झोपायची-उठायची वेळ, गोळीची वेळ आणि सकाळी हात झटकला तर एक फुली, एवढेच तिने रोज मांडावे. डॉक्टरांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर तिला बसवा, तुम्ही मागे बसा, आणि कपाची गोष्ट तिलाच सांगू द्या.